उतारा किती पडला?

गळीत हंगाम तोंडावर आला की जयसिंगपुरात विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते. दर, पहिली उचल, काटा आणि उतारा या चार शब्दांभोवती तिथली सगळी चर्चा फिरते. त्याच दिवसांत गावातल्या कुठल्यातरी घरात सातवीतलं पोरगं सहामाहीसाठी ‘मिश्रणातील घटक वेगळे करणे’ हा भाग घोकत बसलेलं असतं. बाप उताऱ्याचा हिशेब घालतोय, पोरगं अपकेंद्री पद्धतीची व्याख्या पाठ करतंय. दोघांचा विषय एकच आहे, हे दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं.

उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर वेगळी निघाली, एवढंच. २०२५-२६च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होती, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. उतारा १२.२५ टक्के धरला तर वीस पायऱ्या वर, म्हणजे क्विंटलला ६९ रुपये २० पैसे. टनाला झाले ६९२ रुपये, तोडणी-वाहतूक वजा व्हायच्या आधी. उसाची जात, जमीन, तोडणीची वेळ यांवर उतारा ठरतो हे खरं, पण रसातली साखर कारखान्याला किती सोडवून घेता आली यावरही तो ठरतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकातल्या एका प्रकरणाला टनामागे एवढी किंमत असेल, तर ते नुसतं पाठ करून सोडून देणं परवडणारं नाही.

मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि या प्रकरणाच्या उत्तरपत्रिका ढिगाने तपासल्या. पोरं चुकतात ती एकाच जागी. गाळणे, निवळणे, ऊर्ध्वपातन, संप्लवन ही नावं त्यांना तोंडपाठ असतात, पण समोर नवीन मिश्रण आलं की नावांच्या यादीतलं कुठलंतरी एक उचलून लावतात. ‘मिठाच्या पाण्यातून मीठ कसं काढाल?’ याला ‘गाळून’ हे उत्तर मी किती वेळा खोडलं असेल, सांगता येत नाही. विरघळलेलं मीठ गाळणीतून पाण्याबरोबर सरळ खाली जातं, हे घरी एकदा चाखून पाहिलं असतं तर ते उत्तर कुणी लिहिलंच नसतं.

म्हणून पालकांना माझं सांगणं असं, की मुलाकडून नावं म्हणून घेऊ नका. त्याला एकच प्रश्न विचारा: ‘या दोन गोष्टींत फरक कशाचा आहे?’ आकाराचा, वजनाचा, पाण्यात विरघळण्याचा, उकळण्याच्या तापमानाचा, की लोहचुंबकाला चिकटण्याचा? फरक सापडला की पद्धत आपोआप सापडते. आणि फरकच नसेल तर? मीठ आणि साखर एकत्र करा. दोन्ही पांढरी, दोन्ही पाण्यात विरघळणारी. एकाने मला उत्तरात लिहिलं होतं, ‘मुंग्या सोडू.’ वर्ग हसला, मी अर्धा गुण दिला. त्या पोराने निदान फरक शोधला होता.

स्वयंपाकघरातली प्रयोगशाळा

ही शोधाशोध आपल्या आज्या रोज करत होत्या, आणि मराठीने प्रत्येक युक्तीला वेगळा शब्द दिलाय. चाळणं हे आकाराच्या फरकावर चालतं. पाखडणं सुपातल्या झटक्यावर आणि वाऱ्यावर: दाणा जड म्हणून मागे पडतो, फोलपट हलकं म्हणून पुढे उडतं. उफणणं हेच, फक्त खळ्यावर, वारं सुटण्याची वाट बघून. आणि निवडणं म्हणजे डोळे आणि बोटं, जिथे दुसरं काही चालत नाही तिथे.

मला यात सगळ्यात आवडतो तो ‘रोळणं’ हा शब्द. आता तांदूळ मशीनवर साफ होऊन येतात, त्यामुळे रोवळी माळ्यावर गेली आणि शब्दही तिच्यामागे गेला. तांदळातला खडा तांदळाएवढाच असतो, रंगालाही तसाच, म्हणजे चाळण उपयोगाची नाही आणि डोळा दमतो. मग तांदूळ पाण्यात घालून हलकेच गोल फिरवायचे. खडा जड, तो आधी तळाला बसतो. तांदूळ पाण्याबरोबर वरच्या वर दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचे, खडे मागे राहतात. नदीच्या वाळूतून सोन्याचे कण काढणारे जगभर हेच करत आले. सराफाच्या दुकानातला केर धुऊन त्यातली चांदी-सोनं काढणारे झारेकरीही हेच करतात. आपल्या शेजारच्या हुपरीत चांदीचं काम चालतं, तिथल्या पोरांना हे वेगळं सांगावं लागणार नाही.

दुधाचं मात्र जपून. साय वर येते ती स्निग्धांश हलका म्हणून, आणि डेअरीतलं यंत्र दूध गरगरा फिरवून तेच काम क्षणात करतं. ही झाली अपकेंद्री पद्धत. पण लिंबू पिळून दूध नासवलं, तर ते नुसतं वेगळं करणं राहत नाही. आम्लामुळे दुधातली प्रथिनं गोठतात आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाहीत. परीक्षेत ‘पनीर गाळून वेगळे करतात’ हे बरोबर, पण त्याआधीची पायरी रासायनिक आहे. हा फरक ओळखणारे विद्यार्थी मला वर्षाला दोन-तीनच भेटायचे.

गुऱ्हाळ आणि कारखाना

शिरोळ तालुक्यात राहून या प्रकरणासाठी प्रयोगशाळा शोधत बसू नये. मुलाला घेऊन दोन ठिकाणी जा, आधी गुऱ्हाळावर आणि जमलं तर साखर कारखान्यात. परवानगी मागितली तर शाळेच्या मुलांना कारखाना दाखवणारी माणसं भेटतात.

गुऱ्हाळात चरकातून निघालेला रस आधी गाळला जातो, चिपाड बाजूला जातं. मग तो काहिलीत. खाली चुलवाण धगधगत असतं. रस तापला की त्यात रानभेंडीच्या ठेचलेल्या सालीचा चिकट रस घालतात. रसातली अतिबारीक घाण एकटी असते तोवर ना वर येते ना खाली बसते. भेंडीचा चिकटपणा तिचे कण एकमेकांना बांधतो, त्यांचे गोळे होतात आणि उष्णतेने ते फेसाबरोबर वर येतात. ती मळी झाऱ्याने काढून टाकायची. मुलाला इथे थांबवून विचारा, ‘ही मळी गाळली का नाही?’ कण गाळणीच्या भोकांपेक्षा बारीक होते, म्हणून आधी मोठे केले. हे उत्तर त्याला स्वतःला सुचलं, तर पुढे पाणी शुद्धीकरण त्याला शिकवावं लागत नाही.

पुढे राहिलं पाणी उडवणं. पाणी जसजसं कमी होतं तसं उरलेल्या पाकाचं उकळण्याचं तापमान चढत जातं. सुरुवातीला शंभर अंशांच्या आसपास उकळणारा रस गुळाची वेळ येईतो ११८ अंशांच्या घरात पोहोचतो. गुळव्याकडे थर्मामीटर नसतो. तो गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून गोळी बोटांनी वळून बघतो, आणि काहील उतरवायची हाक देतो. थोडं आधी उतरवलं तर काकवी, थोडं उशिरा तर करपलेला गूळ.

आता कळीची गोष्ट. गुऱ्हाळात साखर वेगळी केलेलीच नसते. काढलं ते पाणी आणि मळी. साखरेबरोबर रसातले खनिज क्षार, रंगद्रव्यं, बाकीच्या शर्करा, सगळं ढेपेत राहतं. म्हणून गूळ पिवळा-तांबूस आणि साखर पांढरी. साखर हवी असेल तर आणखी एक फरक शोधावा लागतो, आणि कारखाना तो शोधतो: साखरेचे स्फटिक होतात, बाकीच्यांचे इतक्या सहज होत नाहीत.

कारखान्यात रसात पाण्यात कालवलेला चुना आणि गंधकाचा धूर, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, सोडतात. घाण गोळा होऊन मोठ्या टाकीत खाली बसते. हे निवळणं. खालचा गाळ गाळून त्यातला राहिलेला रसही काढून घेतात, आणि उरलेली प्रेसमड शेतात खत म्हणून जाते. स्वच्छ रस आटवतात तो बंद भांड्यांत, हवेचा दाब कमी करून. का? दाब कमी केला की द्रव कमी तापमानाला उकळतो. साखरेचा पाक तिथे साठ-सत्तर अंशांनाच उकळतो. उघड्या काहिलीत जास्त वेळ तापवली तर साखर करपते, आणि आम्लामुळे ती तुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, ज्यांचे स्फटिक सहज होत नाहीत. तुटलेली साखर म्हणजे घटलेला उतारा. तोडलेला ऊस फडात किंवा वाहनावर उन्हात पडून राहिला तरी हेच होतं, म्हणून ऊस ताजा गाळायची घाई असते.

दाट झालेल्या पाकात बारीक साखरेचं बी टाकतात, त्याभोवती स्फटिक वाढतात. आता स्फटिक आणि चिकट मळी यांचा लगदा हातात आला. हा कापडातून गाळायला गेलात तर दिवस जाईल. तो जाळीच्या पिंपात घालून मिनिटाला हजारापेक्षा जास्त फेऱ्यांनी फिरवतात. मळी जाळीतून बाहेर फेकली जाते, साखर आत राहते. घरचं उदाहरण हवं तर वॉशिंग मशीनचा ड्रायर बघा. शब्दाची एक गंमत ध्यानात ठेवा: गुऱ्हाळातली मळी म्हणजे वर आलेली घाण, कारखान्यातली मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक. दोन्हीकडची माणसं हाच शब्द वापरतात आणि दोघंही बरोबर असतात.

त्या काळ्या पाकातही साखर शिल्लक असते, फक्त ती आता स्फटिक व्हायला तयार नसते. मग ती यीस्टला खाऊ घालून अल्कोहोल करायचं, आणि ते पाण्यापासून वेगळं करायचं उकळण्याच्या फरकावर: अल्कोहोल ७८.४ अंशांना उकळतं, पाणी १०० अंशांना. मनोऱ्यात वाफ पुन्हा पुन्हा थंड होते, पुन्हा उकळते, आणि वर वर अल्कोहोल वाढत जातं. हे भागशः ऊर्ध्वपातन. पण ९५.६ टक्क्यांवर गाडं अडतं. या प्रमाणात दोघं एकत्रच उकळतात, कितीही मनोरे लावा. इथे फरक संपला, म्हणून दुसरा फरक शोधला: रेणूचा आकार. पाण्याचा छोटा रेणू आत शिरेल आणि अल्कोहोलचा मोठा रेणू शिरणार नाही अशा छिद्रांच्या दाण्यांतून वाफ नेतात. पेट्रोलमध्ये मिसळतात ते इथेनॉल असं कोरडं केलेलं असतं. आजीची चाळण आणि डिस्टिलरीतली ही चाळण, तत्त्व एकच. मोजमाप मात्र मिलिमीटरवरून त्याच्या काही लाखाव्या भागावर आलं.

एक सक्त सूचना. अल्कोहोल, पेट्रोल, रॉकेल, स्पिरिट यांपैकी काहीही घरी तापवून ‘ऊर्ध्वपातन’ करू नका, मोठ्यांच्या देखरेखीखालीसुद्धा नाही. हौस असेल तर मिठाचं पाणी घ्या. पातेल्यात दोन बोटं मिठाचं पाणी, मध्ये वाटी बसेल असा स्टँड, वर झाकण उलटं, म्हणजे मूठ वाटीच्या बरोबर वर येईल असं. झाकणावर बर्फ. मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटांत वाटीत थेंब जमतात. गार झाल्यावर चाखायला लावा. खारट नाही म्हटल्यावर मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पुराचं पाणी

कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा या चार नद्यांच्या तालुक्यात २००५, २०१९ आणि २०२१चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांना गढूळ पाण्याबद्दल मी काय सांगणार. तरी एक गोष्ट दर पुरात पुन्हा सांगावी लागते. तुरटी फिरवली की मातीचे कण एकत्र येऊन खाली बसतात. भेंडीचं गुऱ्हाळातलं काम तेच तुरटीचं इथलं. दहा लीटरला चिमूटभर पुरते. दोन-तीन तास भांडं न हलवता वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात घ्या, चौपदरी सुती कापडातून गाळा. पाणी काचेसारखं दिसेल, पण एवढ्यावर ते पिऊ नका. जंतू कापडातून सहज जातात. उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट खळखळ उकळू द्या, किंवा क्लोरीनचं औषध पाकिटावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. आणि पाण्यात कीटकनाशक किंवा तेल मिसळल्याची शंका असेल तर उकळूनही उपयोग नाही, ते पाणी सोडूनच द्या.

रंग पळवणं

एक प्रयोग कमी कष्टाचा आणि हमखास चालणारा. काळं स्केचपेन, टीपकागदाची बोटभर रुंद पट्टी आणि पेल्यात एक बोट पाणी. पट्टीच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ मारून मध्ये ठिपका द्या. पट्टी पेल्यात लटकवा, पाणी ठिपक्याच्या खाली राहिलं पाहिजे. ठिपकाच बुडाला तर रंग सरळ पाण्यात जातो, आणि रेघ पेनने मारली तर तिचाही रंग पळतो. पाणी कागदातून वर चढताना काळ्यातून निळा, गुलाबी, पिवळा असे रंग वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. कुणी पाण्याबरोबर धावतो, कुणी कागदाला धरून राहतो. टीपकागद नसेल तर पांढरा खडू उभा ठेवा, तोही चालतो. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने १९०३च्या सुमारास पानांतली रंगद्रव्यं अशीच वेगळी केली, फक्त त्याने कागदाऐवजी खडूच्या भुकटीची नळी घेतली होती. शाळेच्या पुस्तकात याला क्रोमॅटोग्राफी म्हणतात.

घरचा उतारा

आता परीक्षेतला हुकमी प्रश्न, आणि तो घरी करून बघायचाच. वाळू, मीठ आणि लोखंडाचा कीस एकत्र आहेत, वेगळे करा. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. ५० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम आधी धुऊन वाळवलेली वाळू, मूठभर लोखंडाचा कीस. कीस मिळाला नाही तर रस्त्याकडेच्या कोरड्या मातीत लोहचुंबक फिरवा, काळे कण चिकटतील, तेच घ्या.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी कोरड्यातच लोहचुंबक, कारण ओलं झालं की कीस वाळूला धरून बसतो आणि गंजतो. लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरवा. मग पिशवी उलटी केली की कीस आपोआप सुटतो, नाहीतर लोहचुंबक पुसत बसावं लागतं. एकदा फिरवून भागत नाही, तीनदा फिरवा.

मग पाणी. ५० ग्रॅम मिठाला कमीत कमी १४० मिलिलीटर लागतं, आपण २०० घेऊ. गरम पाण्याने मीठ लवकर विरघळतं, पण जास्त विरघळत नाही: शंभर मिलिलीटरमध्ये साध्या तापमानाला ३६ ग्रॅम, उकळत्याला ३९. साखरेचं तसं नाही, २० अंशांना दोनशे ग्रॅम तर उकळत्या पाण्यात चारशेऐंशीच्या पुढे. म्हणून गरम पाक गार केला की खडीसाखर मिळते, पण मिठाचं गरम पाणी गार करून फारसं काही मिळत नाही, पाणी उडवावंच लागतं. रायगडच्या मिठागरांत उन्हाचा भरवसा आहे तो याच कारणाने.

पाणी ढवळून थांबा, वाळू खाली बसू द्या, वरचं पाणी कापडातून गाळा. आता बहुतेकजण वाळू टाकून देतात, आणि तिच्यात अडकलेलं मीठही तिच्याबरोबर जातं. ती वाळू दोनदा धुवा, दर वेळी २५ मिलिलीटरने. एकदाच ५० मिलिलीटर ओतण्यापेक्षा असं दोनदा धुतल्याने जास्त मीठ सुटतं. कारखान्यातही उसाचं चिपाड पुन्हा पाणी मारून पिळतात, कारण तेच.

सगळं पाणी काचेच्या किंवा चिनी मातीच्या पसरट भांड्यात काढा. स्टीलच्या ताटाला मिठाने डाग पडतात. वर विरळ कापड बांधून गच्चीवर ठेवा. मे महिन्यात दोन दिवसांत काम होतं, पावसाळ्यात या प्रयोगाला हात लावू नका. गॅसवर घाई केली तर शेवटी मीठ तडतडून उडतं, डोळ्याला धोका आणि वजनालाही तोटा. उन्हात सावकाश वाळलं तर भिंगाखाली चौकोनी स्फटिक दिसतात.

कापूरही मिश्रणात असेल तर तो तापवून, वर उलटं नरसाळं ठेवून काढायचा असतो. हे संप्लवन शाळेतच करा, शिक्षकांसमोर. कापूर झटकन पेटतो.

शेवटी मीठ वजन करायला लावा, आणि वहीत लिहायला सांगा: घेतलं ५० ग्रॅम, मिळालं इतकं, उतारा इतके टक्के. ४६ ग्रॅम आले तर ९२ टक्के. मग उरलेले चार ग्रॅम कुठे गेले याची यादी मुलानेच करायची: कापडात, वाळूत, भांड्याच्या कडेला. पुढच्या खेपेला त्यातला एक तोटा कमी करून दाखव म्हणावं.

कधीकधी उतारा १०४ टक्के येतो. पोरं खूष होतात, बाप संशयाने काट्याकडे बघतो. काटा कुणी मारलेला नाही. मीठ अजून ओलं आहे, एक ऊन आणखी द्या.